वाचक विचारतात : सरत्या मोसमातलं सी कयाकिंग

उन्हाळा संपत आला की सी कयाकिंगबद्दल, म्हणजे लांबट, अरुंद कयाकमधून समुद्रात वल्हवण्याबद्दल, आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी दोन विषय पुन्हा पुन्हा आले : दिवसागणिक गार होत जाणारं पाणी आणि मोसमभर वल्हवूनही न सुधारलेला स्ट्रोक (वल्ह्याचा फटका). दोन्हींची उत्तरं एकत्रच देतो आहोत. लांबचे पल्ले आता पुढच्या मोसमावर सोडावेत आणि हे दिवस किनाऱ्यालगत राहून तंत्र घोटण्यात घालवावेत, असं आमचं ठाम मत आहे. खालची बरीच उत्तरं त्याच दिशेनं जातात.

दोन तास वल्हवलं की माझे दंड आणि खांदे भरून येतात. सोबतचे लोक फारसा जोर न लावता पुढे निघून जातात. दंडांसाठी व्यायाम सुरू केला, पण फरक पडला नाही. काय चुकत असेल?

व्यायाम चालू ठेवा, पण या तक्रारीचं मूळ दंडांत नाही. तुम्ही हातांनी ओढताय. हाताचे स्नायू लहान असतात, ते लवकर थकतात. पाठ, पोट, कंबर आणि पाय यांना कामाला लावलं तर तोच वेग कितीतरी कमी दमछाकीत मिळतो.

सुरुवात बसण्यापासून करा. पाठ ताठ, कंबरेतून किंचित पुढे झुकलेली. पाठीमागचा पट्टा फक्त कंबरेच्या खालच्या भागाला टेकावा. त्यावर रेलून बसलात तर धड वळूच शकत नाही. फूटपेग (पाय टेकायचे आधार) असे लावा की तळव्याचा पुढचा भाग त्यावर टेकेल आणि गुडघे थोडे वाकलेले राहतील. पाय आळीपाळीनं दाबता आला पाहिजे. गुडघे मांडीच्या आधारांत घट्ट अडकून बसले असतील तर पेग एक खाच पुढे सरकवा.

आता उजव्या बाजूचा एक स्ट्रोक सावकाश पाहू. धड डावीकडे वळवा, म्हणजे उजवा खांदा पुढे जाईल. उजवा हात जवळजवळ सरळ, पण कोपर ताठरलेलं नको. पॅडलचं (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याचं) उजवं पातं पावलाच्या रेषेत, कयाकच्या अंगाला लागून पाण्यात उतरवा. इथे घाई करू नका. पूर्ण पातं पाण्याखाली गेल्याशिवाय जोर लावायचा नाही. अर्धवट बुडालेल्या पात्यावर जोर पडला की त्याच्यामागे हवा शिरते, ‘गुळुक’ असा आवाज येतो, बुडबुडे दिसतात आणि पातं घसरतं.

पातं रोवलं गेलं की उजवा पाय पेगवर दाबा. त्याबरोबर उजवं नितंब मागे जातं आणि धडाचा पीळ सुटायला लागतो. जोर या पीळ सुटण्यातूनच येतो. कोपर हा सारा वेळ जवळजवळ सरळ राहतं, शेवटच्या टप्प्यात ते थोडं वाकेल. चिखलात काठी रोवून तिच्यापाशी होडी ओढून घ्यावी तसं हे आहे : पातं जागच्या जागी, पुढे सरकायची ती कयाक. डावा, म्हणजे वरचा हात हनुवटी ते डोळे या उंचीवर आडवा सरकतो. त्यानं ढकलायचं नाही, आणि बोटं सैल असू देत.

पातं नितंबाच्या रेषेत आलं की बाहेर. बहुतेकांचा स्ट्रोक बिघडतो तो इथे. पातं मागे रेंगाळलं की ते पाणी वर उचलतं, कयाकचं मागचं टोक खाली दाबलं जातं, नाक (पुढचं टोक) बाजूला वळतं आणि पुढचा स्ट्रोक उशिरा पडतो. वेळेवर पातं काढलंत तर धड आपोआप डाव्या स्ट्रोकसाठी वळलेलं असतं.

हे जमतंय का ते तपासायला कुणी सोबत असण्याची गरज नाही. लाइफ जॅकेटची चेन पाहा. ती प्रत्येक स्ट्रोकला डावी-उजवीकडे फिरली पाहिजे. ती कयाकच्या नाकाच्या रोखानं स्थिर असेल तर धड वळत नाही. मग कयाकच्या नाकाकडे पाहा. ते नागमोडी जात असेल तर पातं अंगापासून लांब पडतंय किंवा नितंबामागे जातंय. ते वरखाली डोलत असेल तर तुम्ही कंबरेतून पुढे-मागे झुलताय.

सरावासाठी : दोन्ही कोपरं सरळ ठेवून 50 स्ट्रोक मारा. दिसायला विचित्र, पण हात वाकत नाहीत म्हटल्यावर धडाला वळावंच लागतं. मग नेहमीसारखं वल्हवा आणि तीच जाणीव टिकवा. दर 15 मिनिटांतली 5 मिनिटं अशी एकाच गोष्टीला द्या : एकदा फक्त पातं रोवणं, एकदा फक्त पायाचा दाब, एकदा फक्त वेळेवर बाहेर काढणं. तिन्ही एकदम सुधारायला गेलात तर एकही सुधारत नाही.

वेगाबद्दलही एक सांगायला हवं. प्रवासी सी कयाक आरामात ताशी 3 ते 4 सागरी मैल जाते. त्याच्या फार वर नेऊ पाहिलं की कयाक स्वतःच उठवलेल्या लाटेला अडते. दुप्पट कष्ट केले तरी वेग जेमतेम वाढतो. तेव्हा पुढच्यांना गाठायला ताकदीनं ओढू नका, स्ट्रोक नीट करा.

माझ्या पॅडलची पाती एकमेकांशी 60 अंशांत फिरवलेली आहेत. उजवं मनगट हल्ली दुखतं. कोन बदलावा का?

हो, बदलून पाहा. पाती फिरवलेली असली की दर स्ट्रोकला एका मनगटाला वळावं लागतं, आणि 60 अंशांत ते फार वळतं. पॅडलच्या दांड्याचा सांधा फिरवता येत असेल तर कोन 30 वर आणा, तरी दुखलं तर शून्यावर. समोरच्या वाऱ्यात फिरवलेलं पातं हवा कापत जातं हा त्याचा फायदा खरा. पण आडव्या वाऱ्यात तेच पातं वाऱ्याला सपाट तोंड देतं. त्यामुळे कमी कोनानं फारसं काही गमवाल असं नाही.

सोबत पकड तपासा. पॅडल डोक्यावर आडवं धरा. कोपरं साधारण काटकोनात हवीत. हात त्याहून जवळ असतील तर मनगटं वाकतात. आणि घट्ट पकडू नका. ओढताना दांडा बोटांच्या आकड्यात राहतो, ढकलणाऱ्या हाताची बोटं उघडली तरी चालतात. गार हातांनी पकड नकळत आवळली जाते, म्हणून हे दुखणं मोसमाच्या अखेरीस जास्त डोकं वर काढतं. अंगठ्याच्या मुळाशी सूज असेल किंवा मनगट हलवताना करकर जाणवत असेल तर वल्हवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

वारा बाजूनं असला की माझी कयाक सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते. एकाच बाजूला वल्हवून जीव मेटाकुटीला येतो. कयाकमध्ये दोष आहे का?

दोष नाही. पुढे जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कयाकचा हा स्वभाव आहे. कयाक पुढे सरकते तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा दाब असतो, त्यामुळे नाक धरल्यासारखं राहतं. मागच्या टोकाजवळचं पाणी मात्र सैल, ढवळलेलं असतं. बाजूचा वारा ते सैल टोक ढकलतो, आणि मागचं टोक वाऱ्याबरोबर गेलं की नाक वाऱ्याकडे वळतं.

यावरच्या तोडग्याला स्केग म्हणतात : मागच्या भागात तळातून खाली सोडता येणारं छोटं पातं. तो मागच्या टोकाला पाण्यात पकड देतो. पूर्ण वर असेल तर कयाक वाऱ्याकडे वळते, पूर्ण खाली असेल तर वाऱ्याबरोबर पळायला बघते. बाजूच्या वाऱ्यात या दोन्हींच्या मधला बिंदू शोधायचा असतो. स्केग खाली-वर करणारी सरकपट्टी बोटभर सरकवा, दहा-बारा स्ट्रोक मारा, नाक कुठे जातंय पाहा, मग पुन्हा थोडी. एकदम पूर्ण खाली सोडून ‘स्केगचा उपयोग होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

स्केग अडकला तर पट्टीवर जोर लावू नका, आतली तार मुडपते. बहुतेक वेळा किनाऱ्यावरून निघताना खाचेत एखादा खडा शिरलेला असतो. स्केगच्या पात्याला खालच्या कोपऱ्यात छिद्र असेल तर त्यात पातळ दोरीचा छोटा फास बांधून ठेवा. सोबत्याला मागून तो ओढता येतो, आणि दोन सेकंदांत काम होतं.

स्केग नसेल तर तीन उपाय एकत्र करा. वाऱ्याच्या बाजूची कड थोडी पाण्यात झुकवा : दुसऱ्या बाजूचा गुडघा वर दाबा, धड मात्र सरळ ठेवा. कयाक झुकलेल्या कडेच्या उलट वळते, म्हणजे तुम्हाला हवी तिकडे. त्याच वेळी पॅडल हातांत थोडं सरकवून वाऱ्याच्या बाजूला लांब करा, म्हणजे त्या बाजूचा प्रत्येक स्ट्रोक जास्त वळवतो. आणि त्या बाजूचा स्ट्रोक रुंद कमानीत मारून मागच्या टोकापर्यंत न्या. पुढे जाणाऱ्या कयाकचं सैल टोक मागचं असल्यामुळे कमानीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याचाच खरा परिणाम होतो. पहिल्या उत्तरात ‘नितंबाशी पातं बाहेर’ म्हटलं ते सरळ जाण्यासाठी. इथे वळवायचं आहे.

सामानही पाहा. पाणी आणि जड डबे पुढच्या हॅचमध्ये (सामानाच्या बंद कप्प्यात) असतील तर मागचं टोक हलकं होऊन हा त्रास वाढतो. जड वस्तू सीटच्या लगेच मागे ठेवा.

हवा 18 अंश आणि पाणी 12 अंश असेल तर कपडे कुठल्या हिशोबानं घालायचे? ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येऊ देणाऱ्या सूटमध्ये) घाम येतो म्हणून मी तो घालायचं टाळते.

पाण्याच्या हिशोबानं. यात तडजोड नको, असं कळकळीनं सांगतो.

12 अंशांच्या पाण्यात अचानक पडल्यावर काय होतं ते पाहा. पहिलं मिनिट श्वासाचं : आपोआप मोठा आचका बसतो, मग धाप लागते. तोंड पाण्याखाली असताना तो आचका बसला तर पाणी फुप्फुसात जातं. हा धक्का साधारण 10 ते 15 अंशांतच पुरेपूर जाणवतो. त्यासाठी पाणी बर्फाळ असावं लागत नाही. पुढची दहाएक मिनिटं हातांची : बोटं आणि दंड हळूहळू काम सोडतात, म्हणजे कयाकवर चढायचं ते याच वेळात. शरीराचं तापमान धोकादायक पातळीला उतरून शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. थंड पाण्याच्या सुरक्षेत हे 1-10-1 म्हणून शिकवलं जातं. लोक तिसऱ्या आकड्याची भीती बाळगतात, पण लाइफ जॅकेट नसेल तर बुडण्याची वेळ बहुधा पहिल्या दोन आकड्यांतच येते. लाइफ जॅकेट डेकवर (कयाकच्या वरच्या पाठीवर) बांधून ठेवणं म्हणूनच निरर्थक आहे.

12 अंशांना बिनबाह्यांचा 3 मिलिमीटरचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) आणि वर पाणी अडवणारं जॅकेट हे किनाऱ्यालगतच्या छोट्या सरावाला आणि झटपट कयाकवर परतता येणाऱ्यांनाच पुरतं. इतरांना ड्रायसूट. तो स्वतः ऊब देत नाही. ऊब आतल्या थरांची असते. अंगाला लागून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, वर फ्लीस. सुती कापड अजिबात नको. निघण्याआधी गळ्याची पट्टी बोटानं उघडा, उकिडवं बसून आतली हवा बाहेर काढा आणि पट्टी सोडा. नाहीतर पाण्यात पडल्यावर सूट फुग्यासारखा फुगतो आणि हालचाल अवघड होते.

घामाचं म्हणाल तर आतला एक थर कमी करा, सूट नव्हे. तापलात तर टोपी भिजवून घाला किंवा सोबत्याच्या कयाकला धरून एक बुडी मारा. हातांसाठी पॅडलच्या दांड्याभोवती बसणारे पोगीज हातमोज्यांपेक्षा चांगले, कारण त्यात तळहात थेट दांड्यावर राहतो. मात्र उलटल्यावर हात बाहेर येतात, तेव्हा निओप्रीनचे (रबरी) हातमोजे जॅकेटच्या खिशात हवेत.

कपडे पुरेसे आहेत का, हे ठरवायची सोपी परीक्षा आहे. निघायच्या आधी किनाऱ्यावर छातीभर पाण्यात पाच मिनिटं उभे राहा आणि एकदा डोकं बुडवा. तिथे नकोसं झालं तर आतमध्ये त्याहून वाईट होईल.

एक गोष्ट सरत्या मोसमाच्या बाजूची आहे. समुद्र हवेपेक्षा सावकाश निवतो. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण पट्ट्यात समुद्राचं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरला सर्वांत उबदार, आणि फेब्रुवारी-मार्चला सर्वांत गार असतं. म्हणजे ऑक्टोबरच्या ढगाळ दिवशीचं पाणी एप्रिलच्या लख्ख उन्हातल्या पाण्यापेक्षा बरंच सोसवणारं असू शकतं. उथळ खाड्या आणि नद्यांची मुखं मात्र लवकर निवतात. थर्मामीटर दोरीला बांधून नेत जा.

मोसमाच्या अखेरीस कुठल्या दिवशी जायचं नाही, याचा काही नियम?

आमचे काही ठोकताळे देतो. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापनातला 4 क्रमांकाचा वारा, म्हणजे 11 ते 16 नॉट (ताशी सागरी मैल), हा बहुतेक मध्यम तयारीच्या गटांसाठी शेवट. पाण्यावर जागोजागी पांढरे फेसाळ माथे दिसू लागले की तुम्ही त्या पायरीवर आहात. 15 नॉटच्या समोरच्या वाऱ्यात वेग निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जा आणि परतताना त्याची मदत घ्या. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा सर्वांत फसवा. किनाऱ्याच्या आडोशाला पाणी सपाट दिसतं, आणि अर्धा मैल आत गेल्यावर परतीची वाट बंद होते. गट नवखा असेल तर तशा दिवशी निघूच नका.

विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, उधाणाच्या भरती-ओहोटी वर्षातल्या मोठ्या असतात. पाण्याची एकूण चढ 6 मीटर असेल तर सहा तासांत ती साधारण अर्धा, एक, दीड, दीड, एक, अर्धा मीटर अशी होते. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी चढतं, आणि बऱ्याच ठिकाणी प्रवाहही तेव्हाच जोरात असतो. तो 2 नॉट विरुद्ध असेल आणि तुमचा वेग 3, तर किनारा ताशी एकच मैल मागे पडतो. भूशिरं आणि अरुंद सामुद्रधुनी भरती-ओहोटी पालटण्याच्या शांत वेळेतच ओलांडा. प्रवाह एकीकडे आणि वारा त्याच्या विरुद्ध असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तासापूर्वी सोपी वाटलेली जागा पाणी पालटताच बदलते.

उजेडाचा हिशोब उलटा करा. सूर्यास्ताआधी दोन तास किनाऱ्यावर टेकायचं ठरवा आणि तिथून मागे मोजत निघायची वेळ काढा. उन्हाळ्यात 12 सागरी मैल जाणाऱ्यांनी आता 6 धरावेत. तरी उशीर होऊ शकतो, म्हणून पांढरा टॉर्च हाताशी हवाच. वल्ह्यानं चालणाऱ्या नौकेनं टक्कर टाळण्यासाठी तो वेळेत दाखवला पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय सागरी नियमही सांगतात. हाती धरायचा व्हीएचएफ रेडिओ (मदतीसाठी चॅनल 16) लाइफ जॅकेटवर ठेवा. हॅचमध्ये ठेवलेला रेडिओ पाण्यात पडलेल्या माणसाच्या कामाचा नाही.

टी-रेस्क्यूला (उलटलेली कयाक सोबत्यानं रिकामी करून पाण्यातल्या माणसाला परत चढवायला) आम्हा दोघांना पाच मिनिटं लागतात. कमी कशी करता येतील?

वेळ बहुधा तीन ठिकाणी जातो : कयाक हातातून सुटणं, दोघांनी एकाच वेळी सूचना देणं आणि वर चढताना दंडांवर भार टाकणं.

पाण्यातल्या माणसानं पहिल्या क्षणापासून कयाक आणि पॅडल दोन्ही धरून ठेवावं. रिकामी कयाक वाऱ्यानं पोहणाऱ्यापेक्षा वेगानं वाहून जाते. बोलायचं ते वाचवणाऱ्यानंच. तो उलट्या कयाकच्या नाकापाशी काटकोनात येतो. पाण्यातला माणूस वाचवणाऱ्याच्या कयाकची डेकवरची दोरी धरतो आणि ती शेवटपर्यंत सोडत नाही. वाचवणारा नाक उचलून स्वतःच्या मांडीसमोरच्या डेकवर ओढून घेतो. सीटच्या मागे बल्कहेड (आतली आडवी बंद भिंत) असेल तर कॉकपिटमधलं (बसायच्या पोकळीतलं) पाणी काही सेकंदांत गळून जातं. नाक जडपणे चिकटल्यासारखं वाटलं तर आधी कयाक थोडी कडेवर करून कॉकपिटमध्ये हवा शिरू द्या, मग उचला. नंतर कयाक सुलटी करून पाण्यात सरकवायची, आणि तिचं नाक आपल्या मागच्या टोकाकडे येईल अशी शेजारी घ्यायची. आता तिच्यावर छातीनं झुकून कॉकपिटची कड दोन्ही हातांनी आवळायची. पॅडल दोन्ही कयाकवर आडवं.

चढताना हातांनी वर उचलून घेण्याऐवजी टाचेचा उपयोग करा. मागच्या टोकाकडे डोकं करून पाठीवर तरंगा, कयाकजवळचा पाय कॉकपिटमध्ये घालून टाच कडेखाली अडकवा आणि तो पाय ताठ करत अंग पालथं वळवा. शरीर मागच्या डेकवर येतं. दुसरा पाय आत, मग वाचवणाऱ्याच्या बाजूनं वळत सीटमध्ये. गारठलेल्या हातांनीही हे जमतं, म्हणून सरत्या मोसमात हीच पद्धत घोटा. स्प्रे स्कर्ट (कंबरेभोवतीचं, कॉकपिट झाकणारं आवरण) बसेपर्यंत वाचवणाऱ्यानं पकड सोडायची नाही; दुसऱ्यांदा उलटायला होतं ते याच क्षणी.

दोन मिनिटांच्या आत सीटमध्ये बसणं हे लक्ष्य धरा. सराव कंबरभर पाण्यात, किनाऱ्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात करा, आणि तीनदा झाला की कोरडे व्हा. थंडीत दमेपर्यंत केलेल्या सरावात चुकाच पक्क्या होतात.

मोसम संपल्यावर कयाक आणि ड्रायसूट कसे ठेवावेत?

कयाक गोड्या पाण्यानं धुवा, स्केगची खाच पाण्याच्या जोरानं साफ करा, स्केग दहा वेळा वर-खाली करून रेती काढा. आतून पूर्ण सुकवा. हॅचची झाकणं सैल ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते आणि रबर ताणलेलंच राहतं. कयाक कडेवर, बल्कहेडच्या जागी दोन रुंद पट्ट्यांवर ठेवा. प्लॅस्टिकची कयाक टोकांना टांगली की मधे वाकते.

ड्रायसूट आतून-बाहेरून सुकवून मोठ्या हँगरवर, चेन उघडी ठेवून, अंधाऱ्या जागी टांगा. चेन दुमडू नका. धातूच्या दात्यांना मेण लावतात. प्लॅस्टिकच्या चेनला फक्त बंद होण्याच्या टोकाशी थोडं सिलिकॉन ग्रीस. लेटेक्सच्या पट्ट्यांवर सनस्क्रीनचा अंश राहिला तर रबर चिकट होऊन फाटतं, तेव्हा त्या सौम्य साबणानं धुवा, सुकवा आणि टाल्कम पावडर लावा. ठेवण्याआधी मनगटाची पट्टी उजेडात हलकेच ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर ती आत्ताच बदलायला द्या.